मीटर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही

मित्रांनो, आपल्या उद्यमनगरातले जुने मिस्त्री प्लग काढून त्याचा रंग बघायचे. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असला तर कमी. ती नजर मी आजही मानतो. पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय, गाडी ४,००० आरपीएमला खेचतेय, त्या क्षणी आत काय जळतंय हे प्लग सांगू शकत नाही. त्यासाठी वाइडबँड, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजून मिक्श्चर दाखवणारा सेन्सर आणि त्याचा मीटर.

जुन्या गाड्यांतला कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर एवढंच ओळखतो, की हवा-पेट्रोलचं मिक्श्चर लॅम्डा १ च्या अलीकडे आहे की पलीकडे. लॅम्डा १ म्हणजे हवा आणि पेट्रोल नेमकं प्रमाणात; १ च्या खाली पेट्रोल जास्त, वर कमी. ताकदीचं ट्यूनिंग होतं ०.८५-०.८८ च्या आसपास, आणि तिथे त्याला काही दिसत नाही. वाइडबँडच्या पोटात एक चिमुकला पंप असतो. तो ऑक्सिजन आत-बाहेर ढकलतो, आणि त्याला किती करंट लागला यावरून मिक्श्चर कळतं. बरोबर लॅम्डा १ ला करंट शून्य.

आता बसवण्याचं. एक्झॉस्ट पाइपला १८ मिलिमीटर आट्यांचा बंग, म्हणजे सेन्सर बसवायचं नटासारखं कडं, वेल्ड करायचा, कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी. टर्बो असला तर टर्बोच्या नंतर. आणि घड्याळाच्या दहा ते दोनच्या मध्येच, म्हणजे पाइपच्या वरच्या अंगाला. मी पहिला बंग खालून मारला होता, कारण वेल्डिंगचा टॉर्च तिथे सहज पोचत होता. गार पाइपात सकाळी पाणी साचतं. सेन्सरच्या आतलं सिरॅमिक तापतं ७८० अंशांपर्यंत. त्यावर थेंब उडाला की ते तडकतं. माझा तो सेन्सर असाच गेला.

बॉशच्या एलएसयू ४.९ या वाइडबँड सेन्सरचा कनेक्टर कापून वायरी जोडू नका, हात जोडून सांगतो. त्या सेन्सरच्या मापाचा रेझिस्टर कनेक्टरच्या आतच असतो. आणि मीटर लॅम्डावरच ठेवा. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला (२० टक्के इथेनॉलवाल्याला) साधारण १३.५, लॅम्डा मात्र दोन्हीकडे १ च.

एक गाडी आली होती. आयडलला मीटर १.१५ दाखवत होता, म्हणजे पेट्रोल कमी. मी पेट्रोल वाढवत गेलो. इंजिन अडखळायला लागलं, पेट्रोलचा वास यायला लागला, तरी मीटर १ च्या खाली येईना. शेवटी प्लग काढला, तर काळाकुट्ट. मग इंजिनाला एक्झॉस्ट पाइप जोडतो त्या मॅनिफोल्डजवळ बॅटरी मारून पाहिलं. गॅस्केटच्या कडेला काजळीची बारीक रेघ होती. धुराच्या दोन धक्क्यांच्या मध्ये पाइप तिथून बाहेरची हवा ओढत होता, आणि सेन्सर इमानाने तीच मोजत होता. मिसफायर झाला तरी असंच होतं. न जळलेला ऑक्सिजन तसाच पुढे येतो.

गॅस्केट बदललं, मी वाढवलेलं पेट्रोल सगळं परत काढलं. मीटर १ वर येऊन थांबला.