आतल्या बाजूची खिडकी

(दृश्य : अरुंद गल्ली. ढकलगाडीवर रचलेले नारिंगी सिलिंडर.)

लोखंडावर लोखंड आपटल्याचा हा आवाज बार्सेलोनाच्या जुन्या वस्तीत अजूनही ऐकू येतो. साडेबारा किलो ब्युटेन भरलेली सिलिंडरे गाडीवर घालून विक्रेता गल्लीत शिरतो, सिलिंडरवर ठोका देतो आणि 'बुतानो' अशी हाळी घालतो. वरच्या एखाद्या बाल्कनीतून हात हलला की तो सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढू लागतो. भूमध्य समुद्राकाठच्या या देखण्या शहरातल्या कित्येक जुन्या इमारतींत आजही ना लिफ्ट आहे, ना नळाने येणारा गॅस. आणि हे ओझे वाहणाऱ्या खांद्यांपैकी बरेचसे दक्षिण आशियातून आलेल्या माणसांचे आहेत.

ज्या घराचे दार आमच्या कॅमेऱ्यासाठी उघडले, ते या गल्लीपासून पायी पंधरा मिनिटांवर, एशाम्पला नावाच्या भागात आहे. पुण्याहून आलेल्या एक संगणक अभियंता येथे भाड्याने राहतात. पत्त्यात मजला तिसरा लिहिला आहे, जिने मात्र पाच चढावे लागतात. कारण येथे तळमजल्याच्या वर 'एन्त्रेसोल' आणि त्याच्यावर 'प्रिन्सिपाल' असे दोन मजले येतात आणि पहिला मजला त्यांच्यानंतर मोजायला सुरुवात होते. घरात पाय ठेवताच नजर जाते ती जमिनीकडे. मुंबईच्या जुन्या इमारतींत आढळणाऱ्या नक्षीदार सिमेंटच्या फरश्यांच्या जवळच्या नात्यातल्या या फरश्या आहेत. उन्हाळ्यात त्या पायांना सुखावतात, पण जानेवारीत, घर उबदार ठेवण्याची कसलीही सोय नसलेल्या खोलीत, लोकरीचे मोजे घालूनच त्यांच्यावर चालावे लागते. ऊबदार हवेच्या ओढीने आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो घरातल्या थंडीचा.

(दृश्य : स्वयंपाकघराची खिडकी, कप्पीवरची दोरी, वाळत घातलेले कपडे.)

ही खिडकी आतल्या बाजूची आहे. तिच्यातून समुद्र दिसत नाही, रस्ता दिसत नाही. दिसते ती इमारतीच्या पोटातली उभी चौकोनी पोकळी. तिला येथल्या कातालान भाषेत 'सेलोबेर्त', म्हणजे 'उघडे आभाळ', असे म्हणतात. मान पूर्ण मागे टाकली तर रुमालाएवढे आभाळ खरोखरच दिसते. समोरच्या भिंतीतल्या खिडकीशी राहणाऱ्या आजी १९८५ पूर्वीच्या करारावरच्या भाडेकरू आहेत. त्या करारांना मुदतच नसे आणि भाडेही जवळपास जुनेच राहिले, त्यामुळे मुंबईकराला येथे पागडीची आठवण व्हावी. पोकळीच्या अलीकडे आणि पलीकडे भाड्याच्या रकमेत किती अंतर असेल, याची कल्पना प्रेक्षकांनी करावी.

घरात उजेड असा विहिरीतून शेंदल्यासारखा का आणावा लागतो, हे समजून घ्यायचे असेल, तर दीडशेहून अधिक वर्षे मागे जाणे भाग आहे.

(दृश्य : आकाशातून दिसणारे चौकोन. कोपरे छाटलेले ठोकळे, ओळीने.)

१८५४ सालापर्यंत बार्सेलोना तटबंदीत कोंडलेले होते आणि तटाबाहेर, तोफेच्या पल्ल्यात येणाऱ्या जमिनीवर, बांधकामाला लष्कराची मनाई होती. गिरण्या वाढल्या, मजूर वाढले, गल्ल्या मात्र तेवढ्याच राहिल्या. इल्देफॉन्स सेर्दा या स्थापत्य अभियंत्याने कामगारांच्या घरांची, मजुरीची आणि मृत्यूंची पाहणी करून आकडे मांडले. श्रीमंताचे सरासरी आयुर्मान ३६ वर्षांचे आणि मजुराचे २३ वर्षांचे, असे त्यातून दिसले. तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या मैदानासाठी, म्हणजे आजच्या एशाम्पलासाठी, त्याने जो आराखडा केला, त्याच्या मुळाशी हे दोन आकडे आहेत, हे लक्षात ठेवून या रस्त्यांकडे पाहायला हवे.

चार रस्त्यांमधल्या प्रत्येक ठोकळ्याची बाजू सुमारे ११३ मीटर. प्रत्येक साधारण रस्ता २० मीटर रुंद, आणि त्यातली निम्मी जागा पायी चालणाऱ्यांची. रस्त्यांची सगळी जाळी दिशांना ४५ अंशांत तिरपी ठेवलेली, म्हणजे दिवसातून केव्हातरी प्रत्येक भिंतीवर ऊन यावे. चौकातले कोपरे छाटलेले, कारण कधीतरी वाफेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यांतून धावतील आणि त्यांना वळायला जागा लागेल, असे मोटारीचा शोधही लागला नव्हता तेव्हा सेर्दाला वाटत होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ठोकळ्याच्या दोनच बाजूंना घरे बांधायची होती आणि मधली सगळी जागा बागेची होती. शहराने स्वतः स्पर्धा घेऊन आंतोनी रोविरा इ त्रियास या वास्तुविशारदाची योजना पसंत केली होती. माद्रिदच्या केंद्र सरकारने सेर्दाची योजना लादली आणि स्थानिकांचा त्याच्यावरचा राग पुढे कित्येक वर्षे गेला नाही.

जमीनमालकांनी ठोकळ्यांच्या चारही बाजू बांधून काढल्या, मजले चढवले, बागांच्या जागी गोदामे आणि कारखाने उभे केले. इमारती इतक्या खोल झाल्या की मधल्या खोल्यांना वाऱ्याउजेडासाठी अशा पोकळ्या ठेवाव्या लागल्या. आजची आतली खिडकी ही अशी जन्माला आली. 'ऊर्बानिसासिओन' म्हणजे 'नगररचना' हा शब्द ज्याने आपल्या १८६७ सालच्या ग्रंथातून रूढ केला, तो सेर्दा १८७६ मध्ये हलाखीत वारला.

(दृश्य : सांत आंतोनी मंडई. लोखंडी छत, मासळीचे ओटे.)

स्पर्धेत जिंकूनही हरलेल्या रोविरा इ त्रियासला या जाळीने एक जागा दिली. १८८२ साली उघडलेली ही सांत आंतोनीची मंडई त्याची आहे आणि ती सेर्दाच्या एका अख्ख्या ठोकळ्यावर उभी आहे. २०१८ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा उघडली, तेव्हा तळघरात जुन्या तटाचा भाग जपून ठेवण्यात आला. दर रविवारी मंडईभोवती जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. आपल्या अभियंता येथे टोमॅटो, वांगी आणि सुरमईच्या जातकुळीतली मासळी घेतात; कोथिंबीर, मेथी आणि चपातीला चालेल असा आटा मात्र रावाल वस्तीतल्या दक्षिण आशियाई दुकानांतून येतो. पायी पंधरा मिनिटांत मंडई, वाचनालय, दवाखाना आणि मेट्रो असणे ही या शहरात चैन नाही, रीत आहे. परदेशी राहण्याचे फायदे मोजताना पगाराच्या आधी ही गोष्ट मोजावी, असे आम्हाला वाटते, कारण पगार कंपनी देते आणि पदपथ नगरपालिका.

(दृश्य : कोन्सेल दे सेंत रस्ता. बाके, मुले, सावली.)

२०२३ मध्ये हा रस्ता मोटारींकडून बहुतांशी काढून घेऊन चालणाऱ्यांना परत देण्यात आला. त्याआधी २०१६ मध्ये पोब्लेनोउ भागात काही ठोकळे एकत्र करून मधली वाहतूक आटवण्याचा प्रयोग झाला होता, तेव्हा रहिवाशांतच दोन तट पडले होते. कोन्सेल दे सेंतच्या दोन्ही बाजूंची, चिनाराच्या कुळातली प्लेन झाडे सावली धरतात आणि वसंतात त्यांच्या परागांनी व लवेने अनेकांचे डोळे चुरचुरतात. नवख्यांनी औषध जवळ बाळगावे.

सरकारी कचेरीत कॅमेऱ्याला परवानगी नव्हती, म्हणून कागदपत्रांविषयी थोडक्यात. सर्वांत कळीचा कागद म्हणजे नगरपालिकेच्या रहिवासी यादीतली नोंद, 'एम्पाद्रोनामिएन्तो'. आरोग्यकेंद्राचे कार्ड, मुलांची शाळा, पुढे वास्तव्याचा पुरावा, सगळे त्या नोंदीला टांगलेले असते, आणि काही घरमालक नेमकी तीच करू देत नाहीत. परकीय ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे द्यायला आधी वेळ ठरवावी लागते आणि ती वेळ मिळवणे हेच एक काम होऊन बसते. स्पेनचे नागरिकत्व लॅटिन अमेरिकेतून आलेल्याला दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यावर मागता येते, भारतीयाला मात्र दहा वर्षांनंतर. आणि ते मिळाले की भारतीय पारपत्र परत करावे लागते. कचेरीत स्पॅनिश चालते, शाळेची मुख्य भाषा कातालान आहे, त्यामुळे एका भाषेची तयारी करून आलेला पालक मुलाच्या शाळेतून आलेल्या पहिल्या चिठ्ठीपाशी अडखळतो.

भाड्याचेही सांगायला हवे. २०२४ साली शहरातले सरासरी नवे भाडे महिन्याला १,१०० युरोंच्या पुढे होते आणि देशातले किमान वेतन १,१३४ युरो, वर्षातून चौदा हप्त्यांत. त्याच वर्षी मार्चपासून भाड्यांना कमाल मर्यादा आली, पण काही महिन्यांचे हंगामी करार तिच्याबाहेर राहिल्याने अनेक मालक तिकडे वळले. आपल्या अभियंत्यांचा करारही अकरा महिन्यांचाच आहे. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवण्याची घोषणा महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून २०२४ मध्ये केली आणि दहा वर्षांत भाडी ६८ टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले. पुढच्याच महिन्यात निदर्शकांनी उपाहारगृहांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. बाहेरून चांगल्या पगारावर आलेला माणूस पर्यटक नसतो, पण घराच्या बाजारात तो स्थानिकापेक्षा जास्त बोली लावू शकतो, हे नाकारता येत नाही. ज्यांना वस्ती सोडावी लागली, ते आता येथे राहत नाहीत.

(दृश्य : समुद्रकिनारा, संध्याकाळ.)

ही वाळूही योजनेने आलेली आहे. १९९२ च्या ऑलिंपिकपूर्वी या पट्ट्यात रेल्वेचे रूळ आणि कारखाने होते. ते हटवून किनारा शहराला जोडण्यात आला. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, कारण स्पेनची घड्याळे १९४० पासून मध्य युरोपच्या वेळेवर चालतात. जेवणाला रात्रीचे दहा वाजतात ते काही अंशी त्यामुळेच. पाण्याचे मात्र असे नियोजन जमलेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये धरणांतला साठा १६ टक्क्यांखाली गेला आणि ज्या प्रांतात हे शहर आहे त्या कातालोनियाच्या सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली.

(दृश्य : सप्टेंबर, ला मेर्से हा शहराचा वार्षिक उत्सव. चौकात जमलेली गर्दी, पांढऱ्या विजारी, काळे कंबरपट्टे.)

दहीहंडी पाहिलेल्या कोणालाही हे दृश्य परके वाटणार नाही. माणसांचे मनोरे रचण्याची ही रीत बार्सेलोनाच्या नैर्ऋत्येकडच्या वाल्स गावातून आली आणि २०१० मध्ये युनेस्कोने तिची नोंद मानवतेच्या वारशात केली. येथे हंडी नसते. सर्वांत वर चढणारे लहान मूल एक हात उंचावते आणि लगेच पलीकडच्या बाजूने उतरू लागते. मनोरा सुखरूप खाली उतरला तरच तो पूर्ण धरला जातो.

पायथ्याशी दाटीने उभ्या राहणाऱ्या माणसांच्या कड्याला 'पिन्या' म्हणतात आणि तिच्यात बघ्यांनाही बोलावून घेतात. पारपत्र कोणी विचारत नाही. आपल्या अभियंता आत तिसऱ्या रांगेत आहेत. त्यांना समोरच्याच्या मानेपलीकडे काहीही दिसत नाही. वर काय चालले आहे ते कळते सनईच्या जातीच्या 'ग्राल्या' या वाद्यावरून, कारण मनोरा जसा चढतो तशी त्याची धून बदलते.

कंबरपट्टा अनेक मीटर लांब असतो आणि एकट्याने तो नीट बांधता येत नाही. एकाने टोक ताणून धरायचे आणि दुसऱ्याने स्वतःभोवती गिरक्या घेत त्यात गुंडाळून घ्यायचे. सोडताना उलट गिरक्या. मनोरा उतरला आहे, गर्दी पांगते आहे, आणि पट्ट्याचे दुसरे टोक धरून उभ्या आहेत त्या सेलोबेर्तपलीकडच्या आजी.