बत्तीस बोअर, तीन इंच नळी

(दृश्य: टेबलावर हिरवी बनात. तिच्यावर एकच काडतूस आडवं पडलेलं. कॅमेरा जवळ येतो.)

हे काडतूस नीट बघा. लांबी जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर. पुढे शिशाची गोलसर गोळी, वजन साडेसहा ग्रॅमच्या आत. बुडाशी ठसा आहे, के आणि एफ या दोन रोमन अक्षरांचा. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या पुण्याच्या खडकीतला १८६९ सालचा दारूगोळा कारखाना. काडतुसाचा जन्म मात्र अमेरिकेतला, १८९६ सालचा. तिथे त्याला बत्तीस एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग म्हणतात. आपल्याकडे दुकानदार आणि परवानाधारक दोघंही नुसतं ‘बत्तीस बोअर’ म्हणतात आणि तेवढ्यावर भागतं. बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इथे इंचाचा सुमारे बत्तीस शतांश.

भारतात आज परवान्यावर नवं, खिशात किंवा पर्समध्ये मावेल असं रिव्हॉल्वर घ्यायचं म्हटलं, तर बहुतेकांच्या वाट्याला हेच काडतूस येतं. अमेरिकेतला माणूस दुकानात जाऊन अडतीस घेऊ की तीनशे सत्तावन मॅग्नम, अशा याहून जोरदार काडतुसांचा विचार करत उभा राहतो. आपल्याकडे हा निर्णय कायद्याने आधीच घेऊन ठेवला आहे.

(दृश्य: जुनं वेब्ली रिव्हॉल्वर, संग्रहालयाच्या काचेआड.)

शस्त्र अधिनियम १९५९ सालचा, पण त्याच्या नियमांत इंग्रजी अमलाची सावली स्पष्ट दिसते. ज्या रिव्हॉल्वरमध्ये .३८० किंवा .४५५ चं, बुडाला कड असलेलं काडतूस बसतं, ज्या पिस्तुलात फौजेचं नऊ मिलिमीटर चालतं, ते हत्यार ‘प्रोहिबिटेड बोअर’, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेलं. कारण सरळ होतं. जे काडतूस फौजेच्या आणि पोलिसांच्या कोठारात आहे, ते नागरिकाच्या हत्यारात बसता कामा नये, म्हणजे कोठारातून चोरीला गेलं तरी बाहेर त्याचा उपयोग होणार नाही. या चाळणीतून खाली उरलं ते बत्तीस. त्यातच ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात थांबली, आणि कानपूरच्या कारखान्यातलं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर हाच घरोघरचा पर्याय झाला.

आता हे काडतूस पुरेसं आहे का? लपवून काही उपयोग नाही, ते मवाळ आहे. चार इंची नळीतून त्याची गोळी सेकंदाला सुमारे २१५ मीटर वेगाने निघते. अडतीस स्पेशलची गोळी दहा ग्रॅमची, आणि तिची ऊर्जा बत्तीसच्या दीडपटीहून जास्त. पण बत्तीसला एक देणगी आहे, ते हाताला त्रास देत नाही आणि जिथे धराल तिथे लागतं. २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत भारतीय नेमबाज जसपाल राणांनी २५ मीटर सेंटर फायर या पिस्तुलाच्या प्रकारात ५९० गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. त्या प्रकारात जगभरचे नेमबाज हेच काडतूस वापरत आले आहेत, फक्त गोळीचं तोंड सपाट असतं, कागदावर गोल छिद्र पडावं म्हणून. बत्तीसला कुणी दुबळं म्हणून उडवून लावलं की मला वाईट वाटतं ते यासाठी. लागलेली बत्तीसची गोळी चुकलेल्या मॅग्नमपेक्षा केव्हाही बरी.

(दृश्य: मोजपट्टी. रिव्हॉल्वरच्या नळीवर धरलेली.)

तेव्हा बोअर ठरलं. हातात उरली ती नळी आणि वजन. माणसं फसतात ती इथेच.

रिव्हॉल्वरची नळी मोजतात ती चक्रीच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या, पुढून तोंडापर्यंत. चक्री त्यात धरत नाहीत. पिस्तुलाच्या नळीत काडतुसाचं घर धरलेलं असतं, म्हणून तीन इंची रिव्हॉल्वर आणि तीन इंची पिस्तूल यांची तुलना कागदावर करू नका. चक्री आणि नळी यांच्यामध्ये कागदाच्या जाडीइतकी फट असते. बार उडतो तेव्हा त्या फटीतून तापलेला वायू दोन्ही बाजूंना फवाऱ्यासारखा निघतो. पिस्तुलाची सवय असलेला माणूस डाव्या हाताचा अंगठा किंवा तर्जनी तिथे पुढे नेतो आणि भाजून घेतो. रेंजवर नवख्याला सगळ्यात आधी मी हेच दाखवतो, बोटं चक्रीच्या मागेच ठेवायची.

नळी आखूड केली की दोन गोष्टी जातात, वेग आणि नेम. तीनशे सत्तावन मॅग्नममध्ये दारू इतकी असते की दोन इंची नळीत ती पुरती जळतच नाही. तोंडाशी मोठा जाळ आणि कानठळ्या, पण वेग चार इंचीपेक्षा बराच कमी. बत्तीसमध्ये दारू मुळात चिमूटभर, ती लवकर जळून जाते. त्यामुळे इंचभर नळी कमी झाली तर वेगात फारसं बिघडत नाही. बिघडतं ते नेमात.

(दृश्य: मागच्या खाचेतून दिसणारी पुढची माशी. माशी खाचेच्या मधोमध, मग किंचित डावीकडे.)

नेम धरताना नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत मधोमध दिसायला हवी. इथे ती केवळ एक मिलिमीटर सरकली आहे. खाच आणि माशी यांत १२ सेंटिमीटर अंतर असेल, तर दहा मीटरवर गोळी सव्वाआठ सेंटिमीटर बाजूला जाईल. तेच अंतर आठ सेंटिमीटर असेल, तर साडेबारा. हात तोच, डोळा तोच, चूकही तेवढीच. फक्त नळी आखूड.

अमेरिकेत १९२७ साली कोल्टने ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ काढलं तेव्हा दोन इंची नळी कोटाखाली लपवण्यासाठी होती. साध्या वेशातल्या पोलिसाची ती गरज होती. आपल्याकडे शेतावरून रात्री परतणारा बागायतदार किंवा रोकड घेऊन निघणारा सराफ यांची गरज तीच आहे का, हा प्रश्न दुकानात शिरण्याआधी स्वतःला विचारायला हवा.

(दृश्य: तांबड्या-किरमिजी रंगाची दागिन्यांसारखी पेटी.)

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ आणलं. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतरचे ते दिवस. स्त्रियांसाठी हलकं रिव्हॉल्वर म्हणून त्याची ओळख करून दिली गेली. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत १,२२,३६० रुपये आणि सोबत अशी पेटी. बोअर बत्तीसच. पुढे ‘निडर’ आलं, बावीस बोअरचं, फक्त २५० ग्रॅमचं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबळ’, नळी ७६ मिलिमीटर, वजन ७०० ग्रॅम.

हलकं म्हणजे चांगलं असं वाटणं स्वाभाविक आहे. दिवसभर कमरेला लावून फिरायचं तर दोनशे ग्रॅम जाणवतात. पण काडतूस तेच ठेवून हत्यार ७०० वरून ५०० ग्रॅमवर आणलं की हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा १.४ पट होते. बत्तीस मवाळ असल्यामुळे ते सोसवतं. त्याहून मोठी अडचण चापाची आहे. घोडा न ओढता थेट चाप दाबायचा, तर बोटाला लागणारा जोर रिव्हॉल्वरच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. हत्यार जितकं हलकं, तितकं त्या जोराने नाक खाली किंवा बाजूला वळतं. ज्या बाईच्या नावाने हलकं रिव्हॉल्वर विकलं जातं, तिच्याच बोटाला हे सगळ्यात जड जातं, आणि विकताना ही गोष्ट तिला कुणी सांगत नाही.

(दृश्य: जुनं बत्तीस मधोमध मोडून उघडतं. सहा रिकामी टरफलं एकदम वर येतात.)

जुनं कानपुरी बत्तीस इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्वरच्या घडणीचं. वरची कडी दाबली की ते बिजागरीवर मोडतं, चक्रीतला टरफलं उचलणारा मधला तारा वर येतो आणि सहाही टरफलं एकाच झटक्यात टेबलावर. प्रबळची चक्री बाजूला उघडते, काडतुसं भरणं सोपं होतं. त्याचा पल्ला ५० मीटर सांगितला जातो. घराच्या दारात किंवा गाडीशेजारी गाठ पडते ती चार-पाच मीटरवर, तेव्हा त्या आकड्यावर पैसे मोजू नका. माझ्या मते मोजायचेच तर तीन इंची नळी आणि ते ७०० ग्रॅम यांच्यासाठी मोजावेत.

(दृश्य: दुकानाचा काउंटर. परवान्याचं पुस्तक उघडं.)

दुकानात गेलात की दोन हत्यारं काढायला सांगा, एक हलकं, एक जड. चक्री उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे स्वतः पाहा, दुकानदारालाही दाखवा. डमी काडतुसं भरा, तोंड भिंतीकडे धरा. मग माशीवर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि चाप सावकाश, शेवटपर्यंत दाबा. असं दहा वेळा. ज्याच्यावरून नाणं कमी वेळा पडलं, ते परवान्यावर चढवून घ्या.