बॅटरी फुल्ल, पण कशासाठी?

नमस्कार श्रोतेहो.

रात्री जेवण झालं की मोबाइल चार्जला लावायचा आणि सकाळी शंभर टक्के बघून निघायचं, ही आपल्या सगळ्यांची सवय. इलेक्ट्रिक मोटरसायकल घरी आली की तीच सवय पार्किंगमध्ये उतरते. संध्याकाळी सातला प्लग लावला, अकराला बॅटरी भरली, आणि सकाळी साडेआठपर्यंत ती तशीच टम्म भरून उभी. आणि हे रोजचंच. मोबाइल तीन वर्षांनी बदलला तर फार बिघडत नाही. गाडीची बॅटरी बदलायची म्हणजे मात्र गाडीच्या किमतीतला मोठा वाटा पुन्हा मोजायचा.

लिथियमची बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते. एक, वापरून. दुसरी, नुसती उभी राहून. पहिलं सगळ्यांना माहीत असतं, दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. सेलच्या आत ऋण ध्रुवावर एक पातळ थर असतो. तो सेलचं रक्षण करतो, पण हळूहळू जाड होत जातो आणि कामाचं लिथियम त्यात अडकून पडतं. बॅटरी भरलेली, म्हणजे व्होल्टेज जास्त, आणि वर उकाडा, असं दोन्ही जुळून आलं की हा थर भराभर वाढतो. म्हणजे चंद्रपूरच्या मे महिन्यात शंभर टक्के भरून उन्हात लावलेली गाडी एक किलोमीटरही न धावता आयुष्य गमावत असते.

आता आकडे घेऊ. रिव्होल्टच्या आरव्ही४०० मोटरसायकलची बॅटरी ७२ व्होल्ट आणि ३.२४ किलोवॉट-तासांची. चार्जरमधली गळती धरून पूर्ण भरायला साधारण साडेतीन ते चार युनिट लागतील. ७२ व्होल्टचा पॅक, म्हणजे सेल जोडून केलेली पूर्ण बॅटरी, निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलचा, म्हणजे एनएमसीचा असेल, तर त्यात बहुधा २० सेल एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरतो, म्हणजे पूर्ण पॅक ८४ व्होल्ट. हाच सेल ४.१ व्होल्टला थांबवला तर क्षमता जेमतेम दहा टक्के कमी मिळते, पण सेल कितीतरी जास्त वेळा भरता-रिकामा करता येतो. हा सौदा फायद्याचा आहे. रोजचं जाणं-येणं तीस-चाळीस किलोमीटरचं असेल तर ऐंशी टक्क्यांवर थांबा. काही गाड्यांच्या ॲपमध्ये ही मर्यादा ठरवून देता येते. नसेल तर साधा टायमर लावा, आणि चार्जिंग निघायच्या थोडं आधी संपेल असं बघा. लांब जायचं असेल त्या दिवशी खुशाल शंभर करा. शंभरला पोचणं वाईट नाही, तिथे मुक्काम करणं वाईट.

पण सगळ्या बॅटऱ्यांना हाच नियम लावू नका. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, हा दुसरा प्रकार. तो अधिक सोशिक असतो. त्याची अडचण वेगळीच आहे. मधल्या पट्ट्यात त्याचं व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे नेमके किती टक्के उरले याचा बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटला, नीट अंदाज येत नाही. मीटरवर तीस टक्के आणि गाडी बंद, असा प्रकार होतो तो बऱ्याचदा यामुळेच. एलएफपीची बॅटरी आठवड्यातून एकदा पूर्ण भरू द्या.

एनएमसीलाही अधूनमधून पूर्ण चार्ज लागतोच. दिंडी सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालते, तसं साखळीतल्या सगळ्यात कमकुवत सेलवर पूर्ण पॅकची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती धावते ते, ठरते. सेल एका पातळीवर आणायचं काम बहुतेक बीएमएस चार्जिंगच्या अगदी शेवटच्या टप्प्यात करतात. म्हणून महिन्यातून एक-दोनदा शंभर होऊ द्या आणि लगेच प्लग न काढता तासभर राहू द्या. कंपनीचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर माझं सोडा, पुस्तकाचं ऐका.

चार्जरच्या बाबतीत मात्र मी कडकच बोलणार. लेबलवर दोन्हीकडे ‘७२ व्होल्ट’ लिहिलेलं असतं म्हणून शेजाऱ्याचा चार्जर लावू नका. २४ सेलच्या एलएफपी पॅकचा चार्जर ८७.६ व्होल्टपर्यंत जातो. तो २० सेलच्या एनएमसीला लावला तर एकेका सेलवर जवळपास ४.४ व्होल्ट येऊ शकतात. बीएमएस मध्ये पडून तोडेलही, पण ती शेवटची भिंत आहे. रोज तिच्यावर धडका कशाला? आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरून सोडलेली एक्स्टेंशन वायर नको. जाड पिनांचं सॉकेट, चांगलं अर्थिंग, आणि अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघणं. प्लग चटका देत असेल तर बंद करा आणि वायरमनला बोलवा.

घाट चढून, गाडी तापवून आलात की लगेच चार्जला लावू नका. अर्धा-पाऊण तास निवू द्या.

आता रेंजकडे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० ऐवजी ६० ने गेलात की हा विरोध सव्वादोनपट होतो. रेंज वाढवायचा याहून स्वस्त उपाय नाही, फक्त मूठ थोडी कमी पिळायची. त्याखालोखाल टायरमधली हवा. घाटाचा हिशेबही करता येतो. खोपोलीहून लोणावळ्याला जुन्या रस्त्याने चढताना आपण साधारण साडेपाचशे मीटर वर जातो. गाडी आणि माणूस मिळून २०० किलो धरले तर नुसत्या चढाला ०.३ किलोवॉट-तास लागतात. सपाटीवर किलोमीटरला ३० वॉट-तास खाणारी गाडी तेवढ्यात दहा किलोमीटर गेली असती. मागे कुणी बसलं की आकडा आणखी वाढतो. म्हणून घाटापलीकडे जायचं असेल तर मीटरवरच्या उरलेल्या किलोमीटरवर विसंबू नका, टक्के बघा.

उतरताना यातलं थोडं परत मिळतं, रिजेन ब्रेकिंगमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज तयार करून बॅटरीत परत पाठवते त्यामुळे. सगळं नाही. आणि गंमत अशी की बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला तिच्यात जागाच नसते. पाचगणीहून सकाळी फुल्ल चार्ज करून पसरणी घाटाने वाईकडे निघालात तर रिजेन जवळजवळ बंद असतं, आणि सवयीचा ब्रेक अचानक हलका लागतो. उतारावर राहणाऱ्यांनी दहा-पंधरा टक्के रिकामे ठेवूनच निघावं.

गॅरेजमध्ये ‘कंट्रोलर सेट करून पिकअप वाढवून देतो’ म्हणणारे भेटतील. कंट्रोलर म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा भाग. करंट दुप्पट केला की सेलमधल्या रोधामुळे होणारी उष्णता चौपट होते. ती बाहेर टाकायची सोय त्या पॅकमध्ये केलेलीच नसते. वॉरंटी जाते ती वेगळी. आणि २५ किलोमीटरच्या वेगमर्यादेची, २५० वॉटपर्यंतची गाडी असेल तर वेग वाढवल्यावर लायसन आणि नोंदणीतून मिळालेली सूटही संपते.

शेवटी, गणपतीला गावी निघालेल्यांसाठी. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर बॅटरी पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवा, प्लग काढा, आणि गाडी सावलीत लावा. शंभरवर नको, आणि दहा टक्क्यांवर तर मुळीच नको, कारण बंद गाडीतही बीएमएस थोडी थोडी वीज पीत असतो. महिन्याहून जास्त राहणार असाल तर किल्ली शेजाऱ्यांकडे द्या आणि महिन्यातून एकदा टक्के बघून फोन करायला सांगा. चाळीसच्या खाली गेले असतील तर तासभर चार्जला लावायचं, एवढंच काम.

नमस्कार.