समुद्राकडे पाठ करून

नमस्कार श्रोतेहो.

अलिबाग सोडून रेवदंड्याच्या वाटेला लागलं, की आक्षी, नागाव, चौल ही गावं एकाला एक खेटून येतात. एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे एसटीच्या कंडक्टरलाच ठाऊक. रस्ता समुद्राला समांतर जातो, पण समुद्र काही दिसत नाही. दिसतात ती घरं, आणि जुन्या घरांची तोंडं रस्त्याकडे. पुढे अंगण, मग ओटी, माजघर. मागे विहीर, सुपारीची वाडी, टोकाला माड, मग सुरूची झाडं, मग वाळू. म्हणजे शेकडो वर्षं समुद्राकाठी राहिलेल्या माणसांनी घर बांधताना समुद्राकडे पाठ केली!

हे माझ्या ध्यानात यायला दीड वर्ष लागलं. निवृत्तीनंतर मुंबईचा फ्लॅट मुलाकडे देऊन आम्ही दोघं मुंबईजवळ समुद्राकाठी घर शोधत होतो. कागदावर मी रकाने आखले होते: अंतर, किंमत, दवाखाना, बाजार, समुद्र किती पावलांवर. बायकोचा प्रश्न मात्र एकच असे. कुठल्याही गावात गेलो की ती तिथल्या बाईला विचारी, "वहिनी, तुमच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते का हो?"

ज्याला रोज नोकरीवर जायचंय, त्यानं खरं तर अलिबागचा नादच करू नये. त्यानं वसई बघावी, केळवे बघावं, अगदी डहाणू बघावं. २०१३पासून डहाणूपर्यंत लोकल जाते. जानेवारी २०२४पासून उरणलाही लोकल आली. अलिबाग तालुक्यात प्रवासी रेल्वे नाही. जवळचं स्टेशन म्हणजे पेण, आणि पेणहून निघालात की वडखळचा नाका आडवा येतो. त्या नाक्यावर शनिवारच्या सकाळी मी इतके तास काढलेत, की तिथल्या भजीवाल्याला आमच्या घरशोधाची खडान्‌खडा माहिती होती.

आम्हाला रोज जायचं नव्हतं, म्हणून बोटीवर भिस्त ठेवली. गेटवेहून मांडव्याला बोट तासाभरात पोचवते, पुढे अलिबागपर्यंत बस. ऐकायला झकास. त्यामुळेच मांडवा, सासवणे, आवास, किहीम या पट्ट्यात मुंबईकरांचे बंगले उभे राहिले आणि जमिनीचे भाव आमच्यासारख्यांच्या हाताबाहेर गेले. तरी आम्ही बघत होतो. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर आहे, त्यांची शिल्पं मांडलेलं; किहीमला पक्षितज्ज्ञ सालिम अली सुगरण पक्ष्याच्या मागे लागले होते. मला वाटायचं, अशा गावात राहावं.

मग आम्ही जुलैत गेलो.

जूनपासून ऑगस्ट अखेरपर्यंत गेटवेच्या प्रवासी बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मार्च २०२०मध्ये रो-रो सुरू झाली, तीत गाडी घालून जाता येतं आणि ती पावसाळ्यातही चालते, पण समुद्राचा रंग बघून. रेवसची लाँच बिचारी जुनी, खडखडती, तीही पावसात चालते. कुणी म्हणेल अटल सेतू आहे की. आहे, १२ जानेवारी २०२४ला खुला झाला, जवळजवळ २२ किलोमीटरचा, पण तो तुम्हाला उरणजवळ चिर्ल्याला सोडतो. पुढे पेण आणि वडखळ आहेतच. रेवस-करंजा पुलाचं स्वप्न तर मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासूनचं आहे. काम आता कुठे लागलंय. पूल होईल तेव्हा होईल, आमचं वय काही थांबत नाही.

तर जुलैत किहीमला. दर शनिवार-रविवारी जिथे गाडी लावायला जागा नसते, तिथे बुधवारी दुपारी चिटपाखरू नव्हतं. ओळीनं बंगले, बंद. पावसाळ्यात त्या गल्लीत माणसं राहतात ती फक्त बंगले राखणारी. त्यांतला एक दादा फाटकाच्या कडीला ग्रीस चोळत बसला होता. मी सहज कडीला हात लावला, तर तळवा तांबडा झाला. "पंधरा दिवस हात नाही लावला तर कडी हातात येते काका," तो म्हणाला. मग त्यानं बंगल्याच्या मागे नेऊन एसीचं बाहेरचं युनिट दाखवलं. त्याच्या पत्र्याचे पापुद्रे सुटलेले, बोटानं दाबलं की भुगा. दोन पावसाळे झाले होते त्याला. मी विचारलं, गावात तुमच्या घरीही असंच होतं? तो हसला. त्याचं घर रस्त्यापलीकडे, आमराईच्या आत. तिथे पंखा बारा वर्षं चालतोय म्हणाला.

तरी खोड जाते का? त्यानंतरही एका एजंटानं आम्हाला ‘सी-व्ह्यू’ प्लॉट दाखवला. गावाचं नाव सांगत नाही. सुरूच्या पलीकडे लाट दिसत होती. मी मनात तिथे आरामखुर्ची टाकलीसुद्धा. किनाऱ्याचे नियम, ज्याला सगळे ‘सीआरझेड’ म्हणतात, १९९१पासून आहेत. गावाकडे भरतीरेषेपासून २०० मीटर हे ना-विकास क्षेत्र. २०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना ५० मीटरची सवलत आली, विरळ वस्तीला २०० तसेच राहिले. एजंट म्हणाला, "ते सगळं बघून घेऊ काका." हे वाक्य ऐकलं की चहा संपवावा आणि उठावं. शिवाय सातबारा काढला तर जमीन शेतीची. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि माझ्या घराण्यात तुळशीपलीकडे कुणी काही लावलं नाही. तेही सोडा, पण सातबाऱ्यावर नावं एकोणीस! त्यांतली दोन माणसं वारलेली, एक इस्रायलला. हे शेवटचं ऐकून माझ्या भाच्याला थट्टा वाटली. त्यात थट्टा काही नाही. बेने इस्रायलींचे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचे, पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी परंपरा आहे, रेवदंड्याला नि अलिबागला त्यांची सिनेगॉग अजून आहेत. आता त्यांतले बहुतेक तिकडे गेले, सातबाऱ्यावरची नावं इकडे राहिली.

अलिबाग शहराचाही विचार केला. आमच्या वयाला खरं तेच सोयीचं: जिल्हा रुग्णालय, एसटी स्टँड, मासळीबाजार, सगळं रिक्षाच्या अंतरात. मुंबई सोडून अलिबागला राहायला येणाऱ्यांत मान कुणाचा, सांगू? चुंबकीय वेधशाळेचा. पृथ्वीचं चुंबकत्व सुईनं मोजणारी कुलाब्यातली ती वेधशाळा ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर बिथरणार होती, म्हणून १९०४ला तिला अलिबागेत आणलं. मुंबईचा गोंगाट सहन न होऊन आलेली ती पहिली म्हातारी म्हणायची. पण आता डिसेंबरच्या सुट्टीत अलिबागच्या किनाऱ्यावर जी गर्दी होते, तिच्यात माझी सुई नक्की हलली असती.

थळ मला आवडलं होतं. समोर खांदेरी-उंदेरीचे जलदुर्ग, पहाटे कोळणींची लगबग. पण जवळ खताचा मोठा कारखाना आहे, आणि बायकोला दम्याचा त्रास. तिनं मान हलवली, विषय संपला. काशीद-मुरूड दूर पडतं. रात्री छातीत दुखलं तर अलिबागेपर्यंतचा वळणावळणाचा रस्ता आठवावा.

डाळीचा प्रश्न मी सुरुवातीला हसण्यावारी नेला. पण त्याची उत्तरं मी लिहून ठेवली असती, तर रकाने आखायची गरज पडली नसती. एका गावात वहिनी म्हणाल्या, "गणपतीत शिजते, शिमग्यापर्यंत शिजते, पुढे नाही." म्हणजे उन्हाळ्यात विहीर मचूळ होते, आणि मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही. किनाऱ्याजवळ बंगल्यागणिक बोअर पडल्या, गोडं पाणी उपसलं गेलं, खारं आत सरकलं. दुसऱ्या गावी उत्तर आलं, "डाळ टँकरच्या पाण्यात शिजवतो." म्हणून घर बघायला दोनदा जावं: जुलैत रस्ता नि बोट बघायला, मे महिन्यात विहीर बघायला. डिसेंबरात जाऊच नये. डिसेंबरात सगळी गावं राहण्यासारखी असतात.

चौलला एका वाडीतल्या आजींनी त्या प्रश्नाला तोंडानं उत्तर दिलंच नाही. आत गेल्या, वाटीत वरण घेऊन आल्या. मे महिन्याची पंधरा तारीख होती. वरण लोण्यासारखं मऊ.

त्या आजींच्याच शेजारी रिकामं घर होतं, कौलारू, अकरा महिन्यांच्या करारानं मिळालं. विकत घ्यायची घाई केली नाही. रस्त्याकडे तोंड, मागे वाडी. वाडीत मधेच मोठमोठ्या रिकाम्या जागा आहेत, ऊन थेट खाली येतं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात तिथली सुपारी गेली. आजी सांगतात, दुपारभर झाडं मोडल्याचा आवाज येत होता, काडेपेटीतल्या काड्या मोडाव्यात तसा, आणि नंतर कित्येक दिवस वीज नव्हती. नवी रोपं लावली आहेत, ती आता खांद्याला आलीत. वाडी पडली, पण वाडीनं वारा अंगावर घेतला म्हणून घराची फक्त कौलं उडाली, असं त्यांचं म्हणणं. समुद्राकडे पाठ का, हे मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. "मग काय तोंड करायचं त्याच्याकडे? पावसात तोंडावर येतो तो."

आता तिसरा पावसाळा आहे आमचा. मुंबईला महिन्यातून एकदा जातो, बोट असेल तर बोटीनं, नसेल तर वडखळच्या भजीवाल्याची चौकशी करत. जानेवारीत पोपटी लावतो, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजतो, मुलगा तेवढ्यासाठी येतो. पहिल्यांदा आला तेव्हा ओटीवर उभा राहून म्हणाला, "बाबा, दीड वर्ष शोधलंत, आणि समुद्र कुठाय?"

मी त्याला रात्री साडेअकराला उठवलं. उधाणाची भरती होती. मागचं दार उघडलं आणि म्हटलं, ऐक.