पक्षी बघणाऱ्यांकडे कोण बघतं?

श्रोतेहो, नमस्कार.

निसर्गमंडळाची सहल कधी लांबून बघा. पक्षीवाल्यांच्या माना वर, फुलंवाल्यांच्या खाली, एखादा किडेवाला दगडापाशी उकिडवा बसलेला आणि कॅमेरेवाले सगळ्यांच्या मागे, उजेड बदलायची वाट बघत. माणसं वीस आणि तोंडं वीस दिशांना. डोंगर चढायला निघालेल्यांचं लक्ष निदान पायवाटेकडे असतं. आपल्या मंडळींची दुर्बीण डोळ्यांना आणि पाय चालूच! आजवर सहलींत मी जे मुरगळलेले घोटे, फुटलेले गुडघे आणि एक मोडलेलं मनगट पाहिलं, त्यातलं बरंचसं एकाच क्षणाचं. कुणीतरी ओरडतं, "तो बघ, उडाला!" आणि दुसरं कुणीतरी दुर्बीण न काढता एक पाऊल मागे टाकतं.

म्हणून आम्ही निघण्यापूर्वी एक गोष्ट सगळ्यांकडून वदवून घेतो: दुर्बीण वर तर पाय थांबले. लहान मुलांसारखं वदवून घेतो म्हणून काही ज्येष्ठ सभासद हसतात. हसू देत. मनगट मोडलं ते ज्येष्ठ सभासदाचंच होतं.

मला आज जे सांगायचंय ते यालाच धरून आहे. सहलीला निसर्ग बघणारे भरपूर असतात. निसर्ग बघणाऱ्या माणसांकडे बघणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम अंगावर घेतलेल्याने त्या दिवसापुरता पक्ष्यांचा नाद सोडायचा असतो. हे जड जातं. मंडळाचं काम अंगावर घेणारा माणूस बहुतेक वेळा सगळ्यात जास्त जाणणारा असतो, त्यामुळे तो पुढे राहतो, बोलत राहतो, दाखवत राहतो. शेवटचा माणूस कुठल्या वळणावर आहे, याचा त्याला पत्ता नसतो. जाणकाराने माहिती सांगावी आणि गट दुसऱ्याने सांभाळावा. एकाच माणसाला दोन्ही करायला लावलं की दोन्हींतलं एक सुटतं, आणि सुटतो तो गटच.

मी स्वतः कशी तोंडावर पडले, ते सांगते. एका सहलीला आम्ही बावीस जण होतो. परत निघताना मी मोजलं, बरोबर बावीस. चला म्हटलं. अर्ध्या तासाने एका बाईंनी विचारलं, "माझे यजमान पुढे आहेत ना?" पुढे नव्हते. मागेही नव्हते. झालं होतं असं की वाटेत एक वाटसरू गप्पा मारत आमच्यात सामील झाला होता आणि मी त्याला धरून बावीस मोजले होते. यजमान एका ओढ्याकाठी चतुर नावाच्या किड्यांचे फोटो काढत निवांत बसले होते. सापडले, हसतच सापडले. पण पाऊण तास माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तेव्हापासून आम्ही नुसती डोकी मोजत नाही. जोड्या लावतो. निघतानाच प्रत्येकाला एक जोडीदार. नवरा-बायकोची जोडी शक्यतो नाही, कारण ते एकमेकांना गृहीत धरतात. थांबा आला की "जोडीदार दिसतोय का?" एवढंच विचारायचं. पुढे एक वाट माहीत असलेला, शेवटी एक न कंटाळणारा, आणि पुढच्याच्या पुढे किंवा शेवटच्याच्या मागे कुणी जायचं नाही. कुणाला आडोशाला जायचं असेल तर वाटेवर सॅक ठेवून जायचं. शेवटचा माणूस सॅकपाशी थांबतो. वाट फुटते तिथे सगळे गोळा होईपर्यंत कुणीही पुढे सरकत नाही. चुकामूक होते ती बहुतेक फाट्यावर.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक ठोकताळा मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि जितकी चढण असेल तिच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. आजही डोंगर भटकणारे तो वापरतात. आपण तो जसाच्या तसा वापरला तर मुक्काम रानातच! तो न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा हिशेब आहे, आणि आपली तर अख्खी सहल थांबण्यासाठीच असते. माझ्या गटाचा वेग तासाला किलोमीटर, फार तर दीड. त्यामुळे आम्ही अंतर ठरवत नाही, परत फिरायची वेळ ठरवतो. समजा साडेदहा म्हटलं तर साडेदहाला जिथे असू तिथून मागे, मग तळं दोनशे मीटरवर का असेना. ही वेळ सकाळी सगळ्यांसमोर जाहीर करायची. ऐन वेळी ठरवायला गेलं की "पाचच मिनिटं" म्हणणारे चार जण निघतात, आणि चौघांची पाच-पाच मिनिटं किती होतात ते मला पाठ आहे.

जागा मात्र आधी जाऊन बघायची. रेकी ज्या दिवसांतली सहल त्याच दिवसांत आणि शक्यतो त्याच वेळेला करावी, कारण उन्हाळ्यात बघितलेला ओढा पावसात वेगळा असतो. फोनला रेंज नेमकी कुठे मिळते, गाडी जवळात जवळ कुठवर येते, सर्पदंशावरचं प्रतिविष ठेवणारं जवळचं रुग्णालय कोणतं, हे वहीत लिहून आणायचं. परवानग्या आणि इतर कागदपत्रं आलीच, त्यावर वेळ घालवत नाही.

पाण्याबद्दल मी थोडी हट्टी आहे. वेगाने वाहणारं पाणी घोट्याच्या जरा वर, म्हणजे पंधरा सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. आणि ओढ्याला पूर यायला तुमच्या डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही, वर कुठेतरी पडला की पुरे. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज जडावला, की सामान राहू द्यायचं आणि आधी उंचावर चढायचं. पाण्यातून आरपार जाणारी वाट असेल तर आम्ही ती पावसाळ्यात धरतच नाही. जाताना पाणी पोटरीला होतं म्हणून येतानाही तेवढंच असेल, ही हमी कुणी द्यायची?

विजेचं गणित सोपं आहे. आवाज किलोमीटरभर यायला साधारण तीन सेकंद घेतो. वीज चमकली की मोजायला लागा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे सहल संपली. पक्क्या इमारतीत किंवा टपाची बंद गाडी असेल तर तिच्यात जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. एकट्या झाडाखाली नाही, माळावर उघड्यावर नाही. अगदीच अडकलात तर एकमेकांपासून लांब लांब व्हा. घाबरलेली माणसं एकत्र बिलगतात, पण वीज जमिनीतूनही पसरते, आणि बिलगलेल्यांपैकी मदत करायला उठणारा कुणी उरत नाही.

साप चावण्याची धास्ती सगळ्यांना असते, पण जिथे नजर पोचत नाही तिथे हात-पाय घालायचा नाही एवढं पाळलं तरी धोका पुष्कळ टळतो. चावलाच तर अंगठी-घड्याळ काढायचं, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, आणि थेट रुग्णालय गाठायचं. करकचून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही नको. आमच्या मंडळींना एक वेगळंच सांगावं लागतं: सापाचा फोटो काढायला त्याच्या मागे जाऊ नका! ओळख पटवायची हौस मोठी, पण त्या नादात दुसरा दंश होतो.

मला खरी भीती मधमाश्यांची वाटते. पोळ्याखाली मोठ्याने बोलणं, धूर, अंगावरचं अत्तर, एवढं निमित्त पुरतं. एक माशी डसली की तिच्या नांगीपाशी एक गंध सुटतो, काहीसा पिकल्या केळ्यासारखा, आणि तो बाकीच्यांना बोलावणं धाडतो. म्हणून हात झाडत उभं राहायचं नाही. तोंड झाकून पळायचं, बंद जागा मिळेपर्यंत. पाण्यात उडी घेऊ नका, त्या वर वाट बघत थांबतात. काटा नखाने किंवा कशानेही, पण लगेच काढायचा. ओठ सुजले, श्वास लागला तर ती दवाखान्याची धाव आहे. ज्याला अशी ॲलर्जी ठाऊक आहे त्याने आपलं इंजेक्शन सोबत ठेवावं आणि जोडीदाराला ते कुठल्या कप्प्यात आहे ते दाखवून ठेवावं.

आजार, औषधं, घरचा फोन नंबर हे आम्ही प्रत्येकाकडून बंद पाकिटात घेतो. गरज पडली तर फोडतो, नाहीतर संध्याकाळी जसंच्या तसं परत. चारचौघांत विचारलं तर दमा कुणी सांगत नाही.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी. हाक मारून घसा बसतो, शिट्टीचं तसं नाही. आल्प्ससारख्या डोंगराळ भागांत मिनिटाला सहा शिट्ट्या म्हणजे संकट आणि तीन म्हणजे उत्तर असा संकेत आहे, तर काही देशांत तीन हाच संकटाचा इशारा. तेव्हा तुमच्या गटाचा आकडा निघण्याआधी ठरवून घ्या. पक्षी बुजू नयेत म्हणून आपण मातकट कपडे घालतो, पण शोधणाऱ्यालाही तेच दिसत नाहीत. सॅकमध्ये एक भडक रुमाल घडी करून ठेवावा.

मुलांना आम्ही एकच शिकवतो. हरवलास तर एक झाड धर आणि तिथेच थांब. 1981 साली कॅलिफोर्नियातल्या डोंगरात नऊ वर्षांचा एक मुलगा हरवून दगावला, त्यानंतर तिथे 'झाडाला मिठी मार' नावाचा कार्यक्रम मुलांसाठी सुरू झाला. जागचं न हललेलं मूल लवकर सापडतं. शिवाय रागावणार नाही, हेही आधीच सांगून ठेवावं लागतं. रागावतील म्हणून हाकेला ओ न देणारी मुलं असतात.

निघताना एक कागद मागे राहणाऱ्या कुणाकडे तरी द्यायचा. वाट कोणती, माणसं कोण, परत कधी, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. आमचा कागद मंडळाच्या एका आजोबांकडे असतो. गुडघ्यांमुळे ते आता येत नाहीत, पण सहलीच्या दिवशी फोनशेजारून हलत नाहीत. मागच्या खेपेला रेंज आल्या आल्या मी त्यांना फोन लावला, "सगळे आलो." ते म्हणाले, "ते झालं. घुबड दिसलं का?"

सगळ्यांना दिसलं होतं. मी तेव्हा मागे वळून जोड्या बघत होते.

नमस्कार.