पाव इंचाचे पट्टे

नमस्कार श्रोतेहो.

टक्. ऐकू आलं? मायक्रोफोनजवळ धरून मी आत्ता प्लास्टिकचा एक बारीकसा भाग कटरने त्याच्या चौकटीतून सोडवला. स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या छोट्या मॉडेलचं शेपटीखालचं चाक आहे ते. आकाराने ज्वारीच्या दाण्याएवढं. किटच्या खोक्यात असे पन्नासेक भाग प्लास्टिकच्या चौकटींना लगडलेले असतात. त्या चौकटीला आम्ही स्प्रू म्हणतो. स्प्रूवरून एकेक भाग सोडवायचा, घासायचा, जोडायचा, रंगवायचा. हा उद्योग मी बऱ्याच वर्षांपासून करतो आहे, आणि आज त्याबद्दलच तुमच्याशी बोलणार आहे.

हा छंद हाताच्या कौशल्याचा समजला जातो. ते खरंच आहे, पण माझ्या अनुभवात खरी परीक्षा डोळ्यांची होते. का, ते सांगतो.

आधी प्रमाण समजून घेऊ. माझं स्पिटफायर एकास बहात्तर या प्रमाणात आहे. म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ इंच, अर्थात ६ फूट, मॉडेलवर १ इंचात बसतात. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच. माझ्या टेबलावर तो साडेपंधरा सेंटिमीटरच्या जरा वर भरतो, वितीपेक्षा कमी. एकास अठ्ठेचाळीस, एकास बत्तीस, प्रवासी विमानांसाठी एकास एकशे चव्वेचाळीस अशीही प्रमाणं आहेत. पण तेच गणित उलटं करून बघा. मॉडेलच्या पंखाची मागची कड १ मिलिमीटर जाड राहिली, तर खऱ्या विमानावर ती ७ सेंटिमीटरहून जाड झाली. खरी कड तर धारेसारखी निमुळती असते. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटरचा बसला, तर विमानाला ७ मिलिमीटरचा गिलावा केल्यासारखं झालं. हे गणित एकदा डोक्यात बसलं की पॉलिश पेपर हातातून खाली ठेववत नाही.

एकास बहात्तर हे प्रमाण रूढ झालं १९३० च्या दशकात. फ्रॉग या ब्रिटिश कंपनीने १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ नावाने प्लास्टिकचे किट बाजारात आणले. कंपनीची बाकीची विमानं उडणारी होती, ही न उडणारी, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचं नाव. ते प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेटचं होतं आणि काळ गेला की वाकायचं. पुढे युद्ध सुरू झालं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे क्षणात ओळखण्यावर माणसांचे जीव अवलंबून राहू लागले. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांमधल्या मुलांना तब्बल ५ लाख मॉडेल करून द्यायला सांगितलं. मुलांनी ती लाकडातून कोरली, काळी रंगवली. प्रमाण तेच, एकास बहात्तर. असं मॉडेल ३५ फुटांवर धरलं की खरं विमान सुमारे अर्ध्या मैलावरून जसं दिसेल तसं दिसतं. विमानांच्या आकृती नजरेत पक्क्या बसाव्यात म्हणून तोफेवरच्या आणि टेहळणीवरच्या माणसांना ही मॉडेल दाखवत. युद्धानंतर पॉलिस्टायरिन आलं, पोलादी साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरायचं तंत्र स्वस्त झालं, आणि १९५३ मध्ये एअरफिक्सने आपलं पहिलं विमान काढलं. तेही स्पिटफायरच.

पॉलिस्टायरिनचा एक गुण या छंदाच्या मुळाशी आहे. आपण ज्याला गोंद म्हणतो, तो इथे चिकटवण्याचं काम करतच नाही. ते एक पातळ द्रावण असतं आणि ते प्लास्टिक विरघळवतं. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग एकमेकांना टेकवून धरायचे, ब्रशचं टोक द्रावणात बुडवून फटीला नुसतं लावायचं. द्रावण आपोआप फटीतून पुढे धावत जातं. मग अर्धा मिनिट थांबून दोन्ही भाग हलकेच दाबायचे. सांध्यातून विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येते. ती आली की समजायचं, दोन तुकड्यांचा एक तुकडा झाला. पुसायला जाऊ नका, तिला हात लावू नका. चोवीस तासांनी ती घट्ट झाली की पात्याने खरवडायची आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायची, आधी ४०० नंबरचा, मग ८०० चा, मग हजाराच्या वरचा.

सांधा गेला का, हे डोळ्यांनी नीट कळत नाही. डोळे मिटून त्यावरून नख फिरवा. नख अडखळलं तर सांधा आहे. भिंत रंगवण्याआधी लांबी भरतात तशी इथेही लांबी भरायची, पुन्हा घासायचं, करडा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारायचा. प्रायमर फार स्पष्टवक्ता असतो. प्लास्टिकवर न दिसलेली प्रत्येक फट, प्रत्येक ओरखडा तो समोर मांडतो. पुष्कळ नवशिके नेमका इथे कंटाळतात, कारण झालं म्हणून बाजूला ठेवलेलं काम परत हातात घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर विमान चांगलं होणार की नाही, ते या दोन-तीन संध्याकाळीच ठरतं. रंग नंतर येतो.

धड बंद करण्याआधी एक गोष्ट तपासा. विमान पुढच्या चाकावर उभं राहणारं असेल तर नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. शिशाची गोळी, छोटा नट, काहीही चालेल. धड बंद झाल्यावर मात्र उपाय राहत नाही.

कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण तिथे माझं एक विमान बिघडलं. तीन आठवड्यांचं काम होतं. आतलं नियंत्रण फलक मी सुईच्या टोकाने रंगवलं होतं, आसनाचे पट्टे कागदाचे कापून लावले होते. घाईत झाकण सुपरग्लूने चिकटवलं आणि झोपलो. सकाळी त्या काचेवर आतून पांढरं धुकं साचलेलं होतं. सुपरग्लूच्या वाफा बंद जागेत काचेवर बसतात आणि तिथेच घट्ट होतात. आतलं सगळं काम झाकलं गेलं. ते विमान मी टाकून दिलेलं नाही, पण त्यातलं कॉकपिट आता कोणालाच दिसणार नाही. तेव्हापासून पारदर्शक भाग मी कागदकामाच्या साध्या पांढऱ्या गोंदानेच लावतो. तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलं तर पाण्याने निघतोही.

आता रंग. एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या उपकरणाने, थर पातळ आणि एकसारखा बसतो, यात शंका नाही. पण एअरब्रश नाही म्हणून थांबू नका. पातळ केलेला रंग रुंद, मऊ ब्रशने दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी आधीचा थर पूर्ण सुकू देऊन लावला, तर तो फार सुरेख बसतो. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. लॅकर आणि इनॅमल रंगांच्या वाफा, एअरब्रशचा तुषार, हे फुप्फुसांना चांगलं नाही. खिडकी उघडी ठेवा, वाफा रोखणारा मास्क लावा. लहान मुलं सोबत असतील तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग वापरा आणि पात्याचं काम मोठ्यांनी करा.

आणि रंग कोणता लावायचा? इथून डोळ्यांचं काम सुरू होतं. स्पिटफायर हिरवं-तपकिरी असतं असं बरेच जण म्हणतील. १९४० चं असेल तर बरोबर आहे. पण ऑगस्ट १९४१ पासून ब्रिटनमधल्या दिवसा लढणाऱ्या विमानांवरचा तपकिरी रंग जाऊन तिथे समुद्री करडा आला. लढाया जमिनीपासून दूर, समुद्रावरून आणि उंचावरून होऊ लागल्या होत्या. म्हणून ‘स्पिटफायर करतोय’ एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या वर्षीचं? कोणत्या तुकडीचं? मी तर एखादा फोटो निवडतो आणि त्या फोटोतल्या त्या दिवशीचं ते एकच विमान करतो.

फोटो जितका बघत जावा तितका तो बोलतो. स्पिटफायरच्या वैमानिकासाठीचं छोटं दार डावीकडे असतं. वैमानिक आणि मेकॅनिक डाव्या पंखावर पाय देऊन चढतात, म्हणून पंख धडाला जिथे मिळतो तिथला रंग डावीकडे जास्त झिजलेला असतो. दोन्ही बाजू सारख्याच झिजवल्या तर मॉडेल दिसायला छान दिसेल, पण त्यावर माणूस चढलेला नसेल. मशीनगनच्या तोंडांवर लाल कापडाचे चौकोन चिकटवलेले असत, आत थंडी आणि धूळ जाऊ नये म्हणून. ते शाबूत असतील तर विमानाने अजून गोळी झाडलेली नाही. फाटलेले असतील तर पंखाखाली काजळीचे ओघळ हवेत. एवढ्याशा लाल ठिपक्याने विमान लढाईला निघालं आहे की परत आलं आहे, ते ठरतं.

ही युद्धाची यंत्रं आहेत, हे मी विसरत नाही. या विमानांनी माणसं मारली आणि त्यांच्यात बसलेली वीस-बावीस वर्षांची मुलंही मेली. मला ती नुसती देखणी वस्तू म्हणून टेबलावर नको असतात. झिजलेला रंग, काजळी, घाईत मारलेला ब्रश दिसला की त्या मुलांचा आणि त्यांच्यासाठी रात्रभर राबणाऱ्या मेकॅनिकांचा विचार टाळता येत नाही.

बोधचिन्हं आणि अक्षरं पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ पापुद्र्यांवर छापलेली येतात, त्यांना डिकल म्हणतात. ती खरखरीत, मंद रंगावर लावली तर खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी चमक दिसते. म्हणून आधी चकचकीत वॉर्निशचा थर द्यायचा, मग डिकल, आणि सगळ्यात शेवटी मंद वॉर्निश. डिकल मऊ करणारं द्रावण लावल्यावर ते आधी सुरकुततं. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. बोट लावू नका. तासाभरात ते आपोआप सपाट होऊन पृष्ठभागाला बिलगतं.

पट्ट्यांकडे मी मुद्दाम शेवटी येतोय. माझ्यासमोरचं विमान जून १९४४ मधलं आहे. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या चढाईच्या वेळी आपलीच विमानं आपल्याच तोफांनी पाडू नयेत म्हणून दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर पांढरे-काळे पट्टे रंगवण्याचा हुकूम निघाला. तीन पांढरे, दोन काळे, पंखांवर आणि धडावर. गुप्तता राहावी म्हणून हुकूम अगदी तोंडावर दिला गेला, आणि हजारो विमानं एक-दोन दिवसांत हाताने रंगवली गेली. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद. एकास बहात्तरमध्ये बरोबर पाव इंच.

पहिल्यांदा मी ते पट्टे टेप लावून, पट्टीने मोजून, एअरब्रशने मारले. कडा अशा सरळ आल्या की बघत राहावं. मग तो जुना फोटो पुन्हा समोर घेऊन भिंग लावलं. फोटोतली कड लाटेसारखी वरखाली जात होती. एके ठिकाणी काळा रंग पांढऱ्यावर चढला होता, आणि एका अक्षराभोवती कुणीतरी ब्रश जपून वळवला होता. माझ्या मॉडेलमधून ती माणसं निघून गेली होती. मी ते पट्टे घासून काढले.

वरचे पट्टे आता मी ब्रशने, टेप न लावता रंगवले आहेत. पोटाखालचे राहिलेत. फोटोत पोट दिसत नाही. आणि महिनाभराने वरचे पट्टे काढायचा हुकूम निघाला तेव्हा खालचे तसेच राहिले, म्हणजे ते जास्त दिवस टिकलेले, जास्त मळलेले. ते रंगवणारा माणूस पंखाखाली ओणवा होऊन किंवा उताणा पडून, हात वर धरून रंगवत असणार. अशा वेळी कड कशी येते, हे मला माहीत करून घ्यायचं होतं. म्हणून परवा मी टेबलाच्या खालच्या बाजूला कागद चिकटवला, जमिनीवर पाठ टेकली आणि ब्रशने दीड फूट रुंदीचा एक पट्टा काढला. पाच मिनिटांत खांदा भरून आला. रंग दांडीवरून मनगटापर्यंत आला. कड माझ्या बाजूला सरकत गेली, आणि दर वेळी ब्रश रंगात बुडवून परत टेकवला तिथे एक जाड डाग पडला.

तो कागद मी सुकवून ठेवला आहे. आज रात्री तो समोर ठेवूनच खालचे पट्टे रंगवायला घेणार आहे.

नमस्कार.