मशेरीच्या पुडीतला पिन

श्रोतेहो, नमस्कार. हल्ली मालवणच्या जेटीवर होड्यांपेक्षा मोबाईल लावलेल्या काठ्याच जास्त दिसतात. व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकणाऱ्या या मंडळींना पैसे देतं कोण, असं मला पुष्कळ जण विचारतात. तर पहिला पैसा जाहिरातींचा. यूट्यूबवर तुमच्या चॅनलचे 1000 सबस्क्रायबर झाले आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ 4000 तास पाहिले, की जाहिरातीतला वाटा मागता येतो. पुन्हा सांगतो, माणसं 1000, तास 4000. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या रुपयातले 55 पैसे तुमचे. शॉर्ट्सचा, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचा, हिशेब निराळा, वाटाही कमी.

आमची चुलत वहिनी चुलीवरचं जेवण दाखवते. बांगड्याच्या आमटीत तिरफळं घालते म्हणून मी तिचा भक्त. तिरफळांशिवाय बांगडा करणाऱ्यांशी मी बोलतही नाही, असो.

तिच्या कमाईच्या खात्यात 10 डॉलर जमले. एवढे जमले, की यूट्यूबचा मालक गूगल घरच्या पत्त्यावर एक पिन, म्हणजे पत्ता खरा आहे का हे तपासायचा गुप्त आकडा, पाठवतं. साध्या टपालाने, रजिस्टर नाही! तो पिन भरेपर्यंत पैसे सुटत नाहीत. वहिनीला मोबाईलवर दिसलं, 'पिन टाका'. तिने टाकला गावचा पिनकोड. चूक! तीनदा चुकलात, की जाहिराती बंद. एक संधी गेली.

मग पत्राची वाट. दोन ते चार आठवडे लागतात म्हणतात, पाचवा उजाडला. आमच्याकडे पत्ता म्हणजे 'वरची वाडी, फणसाजवळ', आणि फणस गेल्या वादळात पडलेला. शेवटी पोस्टमनलाच गाठलं. तो म्हणाला, "मियां दिलंय तुमच्या सासूच्या हातात!"

सासूबाई पडवीत बसलेल्या. "तो विम्याचो कागद? तेच्यात मशेरी बांधून ठेवलंय."

पुडी सोडली. आकडे होते, पण शेवटच्यावर मशेरीचा डाग. तीन की आठ? सगळी वाडी पडवीत जमली. गुरुजींनी चष्मा पुसून आठ सांगितला, आणि गुरुजींचं कोण मोडणार? आठ टाकला. चूक. आता उरली एकच संधी. वहिनीचा हात थरथरू लागला. तेव्हा सासूबाईंनीच मोबाईल ओढून घेतला आणि म्हणाल्या, "मशेरी माजी, डाग माजो. तीनच आसा." तीन दाबला आणि खातं उघडलं! गुरुजी चहा न घेताच गेले.

वेळ थोडा उरलाय, म्हणून भरभर सांगतो. पैसे बँकेत येतात ते 100 डॉलर झाल्यावर. लक्षात ठेवा, 10 ला पिन, 100 ला पैसे. व्हिडिओला सिनेमातलं गाणं लावू नका, गाण्याचा मालक दावा करतो आणि त्या व्हिडिओची कमाई त्याच्याकडे जाऊ शकते. समुद्राची गाज फुकट असताना गाणं हवंच कशाला? कुणाकडून पैसे घेऊन त्याच्या वस्तूची तारीफ केलीत, तर ती जाहिरात आहे हे व्हिडिओत स्पष्ट सांगा.

वहिनीचं म्हणाल, तर जाहिरातींपेक्षा तिला आता मालवणी मसाल्यातच जास्त पैसे सुटतात. व्हिडिओ बघून लोक पाकिटं मागवतात. पाकिटं न्यायला कुरियरवाला येतो, आणि त्याला मात्र फणसाशिवायही घर सापडतं.